आट्यांची टिप आणि तिची कल्हई

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कवी म्हणून मला ओळखणारे थोडेफार असतील, पण माझे पोट कवितेवर कधीच चालले नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कोल्हापुरात एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये कामाला लागलो. खिडकीच्या अलीकडे मी, पलीकडे टर्नर. ते चिठ्ठी द्यायचे, मी ड्रिल, टॅप, टिपा मोजून द्यायचो आणि रजिस्टरात सही घ्यायचो. वस्तूंची नावे मला पाठ होती, गुण माहीत नव्हते. त्या अज्ञानाची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्या एका माणसाने भरली. म्हणून आज बोलायचे आहे ते आटे पाडण्याच्या टिपांविषयी.

आटे कुणाला सांगायला नकोत. नळाची तोटी, गॅसच्या शेगडीचा नॉब ज्यावर बसतो तो व्हॉल्व्ह, मोटारीच्या चाकाचे नट, सगळे आट्यांवर उभे आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या बोल्टचे आटे बहुधा दाबून, म्हणजे रोलिंगने काढतात. पण फिटिंग, व्हॉल्व्ह, शाफ्टची टोके, पाइपांचे जोड यांचे आटे लेथवर कापून काढावे लागतात. त्यासाठी हत्याराच्या टोकाला बोटाच्या नखाएवढा कार्बाइडचा तुकडा बसवतात. तिकोनी, तिन्ही कोपऱ्यांना आट्याच्या आकाराचे टोक. एक कोपरा झिजला की फिरवून दुसरा घ्यायचा. आम्ही त्याला टिप म्हणतो, कॅटलॉगवाले इन्सर्ट म्हणतात. पितळेने झाळून बसवलेल्या जुन्या कार्बाइड हत्याराला आमचे जुने मेस्त्री ‘विडिया’च म्हणत. हा शब्द कुठून आला ते पुढे सांगतो.

गोष्ट १९९० च्या दशकातली, आमच्याकडे पहिले सीएनसी लेथ आले तेव्हाची. स्टेनलेस स्टीलच्या फिटिंगची ऑर्डर होती. तीस मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर पिच. आमच्या सगळ्यात मुरलेल्या मेस्त्रींनी चिठ्ठी पाठवली. कपाटात आट्यांच्या टिपांच्या दोन डब्या होत्या. दोन्हींतल्या टिपा सोन्यासारख्या पिवळ्या. एका डबीवरच्या नावाच्या शेवटी १० होते, दुसरीवर ३०. मेस्त्रींना तीसवाल्या हव्या होत्या आणि त्या दोनच उरल्या होत्या. मी दहावाल्या पुढे केल्या. माझा हिशेब शाळेतला होता. पहिल्या दहात आलेला मुलगा तिसाव्या नंबरच्या मुलापेक्षा हुशार असणारच. शिवाय व्यापाऱ्याने त्या जास्त कडक म्हणूनच विकल्या होत्या.

मेस्त्री खिडकीत येऊन म्हणाले, “कवी, रंगावर जाऊ नगासा. आट्याच्या टिपंला नुसता कडकपणा काय कामाचा? तिला मार खायाचा असतोय.”

मी म्हटले, “मेस्त्री, दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत. आजचा माल निघायला हवा ना?” माल निघायलाच हवा होता. त्यांनी टिपा नेल्या.

संध्याकाळी तपासणीत चाळीसेक नग अडकले. गेज आट्यांवर अर्ध्या फेऱ्यात घट्ट बसायचे आणि पुढे जायचे नाही. टिपेच्या टोकाचा डोळ्याला न दिसणारा कपचा उडाला होता. आट्याच्या दोन्ही बाजू बरोबर कापल्या जात होत्या, पण तळाशी धातू शिल्लक राहत होता. आता एकदा चकमधून काढलेला नग पुन्हा बांधून त्याच आट्यात टिप नेमकी बसवणे सीएनसीवर महाकठीण. आटा जिथे सुरू झाला ती जागा हुकते आणि जुन्यावर नवे आटे पडतात. माल भंगारात गेला. नुकसानीचा काही भाग मेस्त्रींच्या पगारातून कापला गेला, कारण मशीन त्यांच्या हातात होते. टिप कुणी दिली, हे रजिस्टरात होते. कुणी विचारले नाही, आणि मीही त्या वेळी बोललो नाही.

त्यानंतर मी कॅटलॉग वाचायला लागलो. जे समजले ते असे.

कार्बाइड हा एकजीव धातू नाही. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयोगाचे अतिशय कठीण, अतिशय बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट धातू, असे ते मिश्रण. दोन्हींची पूड मिसळून साच्यात दाबतात आणि साधारण १४०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. कोबाल्ट पाझरून कणांमधल्या फटी भरतो आणि तुकडा लांबी-रुंदीत जवळपास पाचव्या हिश्शाने आकसतो. तयार तुकडा तळहातावर घ्या, लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड लागतो. मला समजावताना मेस्त्रींच्या एका पोराने चिक्कीचे उदाहरण दिले होते, ते मी अजून वापरतो. दाणे म्हणजे कार्बाइड, गूळ म्हणजे कोबाल्ट. गूळ कमी पडला तर चिक्की कडक पण ठिसूळ, टेबलावर आपटली की तुकडे. गूळ वाढवला की दाताला चिवट लागते, पण लवकर मऊ पडते. कापणाऱ्या टिपांत कोबाल्ट साधारण पाच-सहा टक्क्यांपासून दहा-बारा टक्क्यांपर्यंत असतो. या थोड्याशा फरकात टिपेचा सगळा स्वभाव बदलतो.

दुसरी गोष्ट दाण्याच्या आकाराची. शेंगदाण्याऐवजी राजगिरा घेतला तर वडीची कड सुबक आणि धारदार कापता येते. कार्बाइडचा कण एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा लहान केला की कोबाल्ट थोडा जास्त ठेवूनही कठीणपणा टिकतो आणि अगदी बारीक टोकालाही धार धरता येते. आट्यांच्या चांगल्या टिपा बहुधा अशा राजगिऱ्याच्याच असतात.

आता ते १० आणि ३०. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत अक्षर सांगते की कोणता धातू कापायचा. पी म्हणजे पोलाद, एम म्हणजे स्टेनलेस, के म्हणजे ओतीव लोखंड, एन म्हणजे ॲल्युमिनियम, पितळ वगैरे, एस म्हणजे उष्णता सोसणारे मिश्रधातू आणि टायटॅनियम, एच म्हणजे कठीण केलेले पोलाद. डबीवरच्या पट्टीचे रंगही त्यानुसार, निळा, पिवळा, लाल असे. आकडा सांगतो स्वभाव. लहान आकडा म्हणजे कठीण, झीज कमी, पण ठिसूळ. मोठा आकडा म्हणजे चिवट, मार खाणारी, पण वेगात लवकर झिजणारी. आकडे साधारण ०१ पासून ५० पर्यंत जातात. त्यात पहिला नंबर, शेवटचा नंबर असे काही नाही. अनेक कंपन्या स्वतःच्या ग्रेडच्या नावात शेवटी असाच आकडा ठेवतात, पण एका कंपनीची तीस आणि दुसरीची तीस सारखीच निघेल, या भरवशावर राहू नये. तो आकडा बाजूच्या गावाची दिशा दाखवणारा दगड आहे, अंतर मोजून दिलेले नाही.

मग आट्यांना चिवट टिप का लागते? साध्या टर्निंगच्या टिपेच्या टोकाची गोलाई बहुधा ०.४ किंवा ०.८ मिलिमीटर असते. दीड मिलिमीटर पिचच्या बाहेरच्या आट्यांसाठी टोकाची गोलाई ०.२ मिलिमीटरच्या आसपास, आणि नटासारख्या आतल्या आट्यांसाठी जवळपास त्याच्या निम्मी. टोकाचा कोन फक्त ६० अंश. म्हणजे पाठीला आधार देणारे मांसच नाही. त्यावर आणखी एक सक्ती अशी की साध्या टर्निंगमध्ये जड वाटले तर फीड कमी करता येते, इथे नाही. एका फेऱ्यात हत्याराने एक पिच पुढे सरकलेच पाहिजे, नाहीतर आटे पडणारच नाहीत. आणि कापलेला कीस दोन्ही बाजूंनी एकाच वेळी येऊन मधोमध कोंडतो.

मेस्त्री ‘मार’ म्हणत तो हा. तो कमी करायला ते खोली पासागणिक घटवत नेत. दीड पिचच्या बाहेरच्या आट्याची खोली साधारण ०.९२ मिलिमीटर. ती सहाएक पासांत घ्यायची. पहिला पास पाव मिलिमीटरच्या आसपास, शेवटचा एक दशांशाच्याही आत. जसजसे खोल जाल तसतशी धारेची जास्त लांबी कापायला लागते, म्हणून घास लहान करायचा. टिप सरळ आत न घालता आट्याच्या एका बाजूच्या उतारावरून सरकवत नेली की कीसही मोकळा निघतो. स्टेनलेसमध्ये मात्र घास फार लहान करण्याचा मोह टाळावा. घासले गेलेले स्टेनलेस पृष्ठभागावर कडक होते, मग पुढच्या पासात टिप त्या कडक सालीवर घसटत राहते आणि लवकर जाते.

आता सोन्याच्या रंगाकडे येऊ. माझे आजोबा गल्लोगल्ली कल्हई करीत फिरत. पितळेचे पातेले आधी घासून लख्ख करायचे, भात्यावर तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायचे. लहानपणी मी भाता हलवायला बसे. आजोबा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगत की कल्हईने भांडे कळकणार नाही, पण तळ झिजून पत्रा झाला असेल तर तो कल्हईने जाड होणार नाही. टिपेच्या कोटिंगला मी याहून चांगले वाक्य शोधू शकलेलो नाही.

पिवळा रंग टायटॅनियम नायट्राइडचा. टायटॅनियम कार्बोनायट्राइड करडे-निळसर दिसते. टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड जांभळट काळे. कोटिंग कीस चिकटू देत नाही, उष्णता आत कमी जाऊ देते, झीज लांबवते. पण आतले कार्बाइड दहाचे की तीसचे, हे रंगावरून अजिबात कळत नाही. त्या दिवशी माझ्या कपाटात दोन वेगळ्या स्वभावांना एकच कल्हई होती.

कोटिंग चढवण्याच्या मुख्य रीती दोन, आणि आट्यांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा. पहिली सीव्हीडी. १९६९ च्या सुमारास कोटिंगच्या टिपा बाजारात आल्या त्या या रीतीच्या. हजार अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत वायू सोडतात आणि त्यांच्या रासायनिक क्रियेतून टिपेवर थर बसतो. थर जाड, अनेकदा दहा मायक्रॉन किंवा त्याहूनही जास्त, आणि तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचाही घेता येतो. वेगाने, सलग, लांबलचक टर्निंगला हा थर उत्तम. पण थंड होताना कोटिंग कार्बाइडपेक्षा जास्त आकसते, म्हणून ते ताणात राहते आणि त्यात केसासारख्या चिरा पडतात. शिवाय थर धरून राहावा म्हणून धार आधी थोडी बोथट, गोल करावी लागते. ०.१ मिलिमीटर गोलाईच्या टोकावर एवढा मेकअप चढवला तर मूळ चेहरा राहील कुठे?

दुसरी रीत पीव्हीडी. १९८० च्या दशकात ती रुळली. निर्वात पेटीत धातूची वाफ करून ती टिपेवर बसवतात, साधारण ५०० अंशांना. थर दोन ते पाच-सहा मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन असतो, म्हणजे केसाचा विसावा-पंचविसावा भाग. हा थर आतून दाबलेल्या स्थितीत बसतो, त्यामुळे चीर पसरायला अडथळा होतो आणि धार तीक्ष्ण ठेवता येते. म्हणून आज आट्यांसाठी पहिली पसंती बारीक कणांचे चिवट कार्बाइड आणि त्यावर पीव्हीडीचा पातळ थर, हीच असते. जाड थराच्या आट्यांच्या टिपा मिळतच नाहीत असे नाही. मोठा पिच, सलग पोलाद, जास्त वेग असेल तिथे त्या कामाच्या.

वेगाविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण छोट्या वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त पैसा इथे वाया जाताना मी पाहिला आहे. तीस मिलिमीटरच्या नगावर मिनिटाला शंभर मीटर वेग हवा असेल तर चक मिनिटाला सुमारे १०६० फेरे फिरला पाहिजे. दीड पिच म्हटल्यावर हत्यार सेकंदाला सव्वीस मिलिमीटर धावते. सीएनसी हे लीलया करते आणि खांद्यापाशी नेमके मागे येते. साध्या लेथवर माणसाचा हात तेवढा चालत नाही. तिथे आपण ऐंशीएक फेऱ्यांवर आटे पाडतो, म्हणजे वेग जेमतेम साडेसात मीटर. एवढ्या कमी वेगात कार्बाइडच्या टोकावर धातूचा गोळा चिकटतो आणि सुटताना टोकाचा कपचा घेऊन जातो. टायटॅनियम-ॲल्युमिनियमचे कोटिंग तापल्यावर स्वतःवर ऑक्साइडची साय धरते, तोच त्याचा मोठा गुण. इथे तेवढी उष्णताच नाही, मग महागड्या काळ्या टिपेचा उपयोग काय? साध्या लेथवर हायस्पीड स्टीलचा घासून धार लावलेला बिट अजूनही शहाणपणाचा आहे. टिप वापरायचीच असेल तर सगळ्यात चिवट ग्रेड घ्यावी, आणि टिप आट्यात रुतलेली असताना चक थांबवू नये किंवा उलटा फिरवू नये. हायस्पीडने ते सोसले असते, कार्बाइड सोसत नाही.

ओतीव लोखंडाचा कीस भुग्यासारखा पडतो, चिकटत नाही, पण घासतो फार. तिथे कठीण, लहान आकड्याची के जातीची टिप शोभते. ॲल्युमिनियमला बहुतेक वेळा कोटिंग नसलेली, चकचकीत पॉलिश केलेली, तीक्ष्ण टिप बरी, कारण ज्या कोटिंगमध्ये ॲल्युमिनियम आहे त्याला ॲल्युमिनियमच चिकटते. टॅप हा वेगळाच विषय. भोकात अडकलेला कार्बाइडचा टॅप तुटला तर काढता काढता नाकी नऊ येतात. पोलादाला सर्वसाधारण कामात हायस्पीडचाच टॅप बरा.

विडिया शब्दाचे सांगायचे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विजेच्या दिव्यांसाठी टंगस्टनची बारीक तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत, आणि हिरे परवडेनात. ओसराम कंपनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइड कोबाल्टमध्ये बांधून पर्याय काढला. १९२३ साली त्याच्या पेटंटचा अर्ज झाला. पुढे क्रुप कंपनीने त्याची हत्यारे ‘विडिया’ नावाने विकली. ‘वी डायमांट’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हिऱ्यासारखे’. बंगळूरला त्याच नावाची कंपनी निघाली आणि आपल्याकडे जातिवाचक शब्दच होऊन बसला. ज्यांना जर्मनीचा नकाशाही माहीत नाही अशा मेस्त्रींच्या तोंडी तो मी ऐकला आहे. शब्दांच्या माणसाला याचा आनंद होतो.

पण त्या विडियाला हातांनी धार लावताना हिरव्या चाकावर जी पूड उडायची, ती आम्ही सगळ्यांनी नाकावाटे घेतली. कोबाल्टयुक्त कार्बाइडच्या धुळीने फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो, हे आता वैद्यकशास्त्राला पक्के माहीत आहे. अजूनही कुणी झाळलेली टिप कोरडी घासत असेल तर धूळ ओढून घेणारा पंखा आणि चांगला मास्क हवाच. तोंडावर बांधलेला रुमाल तिथे पुरत नाही.

मोडकी टिपही टाकू नये. आधी ती दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावी. टोकाचा कपचा उडाला असेल तर पुढच्या वेळी मोठ्या आकड्याची, चिवट टिप घ्या, किंवा घास लहान करा. टोक तुटलेले नाही, बाजूने सपाट घासले आहे, तर ग्रेड कठीण हवी किंवा वेग कमी. टोक मेणासारखे दबले असेल तर उष्णता फार झाली, कूलंट टोकावर नेमके पडते का पाहा. धातूचा गोळा चिकटलेला दिसला तर वेग वाढवा. मी स्टोअरमध्ये नियम केला होता की जुनी टिप दाखवल्याशिवाय नवी नाही. टर्नर चिडायचे. त्यांना वाटायचे मी हिशेब घेतो आहे. मी वाचत होतो.

पाहून झाली की टिप डब्यात जमा. जगातल्या टंगस्टनचा फार मोठा हिस्सा चीनमधून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यापासून भाव चढले. आपल्या नागपूर जिल्ह्यातही कुही-खोबना भागात टंगस्टनचे साठे सापडलेले आहेत. कार्बाइडच्या मोडीला लोखंडाच्या भंगारापेक्षा कितीतरी पट भाव मिळतो, कारण त्यातले टंगस्टन आणि कोबाल्ट पुन्हा वेगळे काढता येतात. दोन्ही एकत्र विकणारा फसतो.

त्या चाळीस नगांचे राहिले. तीन महिन्यांनी मी रजिस्टर घेऊन मालकांसमोर गेलो आणि टिप मी दिली होती, असे सांगितले. पैसे परत मिळाले नाहीत. मेस्त्रींना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आता सांगितलासा व्हय?” आणि कामाला लागले. त्या आठवड्यात मी कपाटातल्या सगळ्या डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. दहाच्या डबीवर ‘कठीण, ठिसूळ, सलग कामाला’ आणि तीसच्या डबीवर ‘चिवट, स्टेनलेस, आट्यांना’. दुसऱ्या दिवशी बघतो तर दहाच्या डबीवर कुणीतरी खडूने भली मोठी फुली मारून ठेवली होती. अक्षर नव्हते, पण हात कुणाचा ते मला कळले.